शेगडी, ओवा आणि मिनिटभराचं मोजणं

शेवगावच्या आमच्या घरात बाळंतिणीची खोली म्हणजे पोतं लावलेली खिडकी आणि बाजेखाली शेगडी. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाच्या साली. बाळ शिंकलं की आजी वेखंड उगाळून छातीला लावायची. ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मगच तळपायांना शेक.

पुढे मी नर्स झाले, याच तालुक्यात उपकेंद्रावर नोकरी केली. आजीचं पुष्कळ बरोबर होतं, असंच मी सांगते. ऊब आणि आईचं दूध, साध्या सर्दीला बाळाला एवढंच लागतं. धुरी मात्र चुकीची. तान्हं बाळ नाकानेच श्वास घेतं. चोंदलेल्या नाकात धूर गेला की ते दूध ओढायचं सोडतं. कापूर पोटात गेला तर झटके येतात. वर्षाच्या आत मधही नको.

नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात वीस दिवसांचं लेकरू पाहिलं. "सर्दी हाय, धुरी चालूय," घरची म्हणाली. दुपटी सोडली तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. घड्याळ लावून मोजले, मिनिटाला 74 श्वास. तालुक्याला नेलं, वाचलं.

पोट उडतंय हे जुन्या बायकांनाही दिसायचं; किती उडालं की धोका, हा आकडा त्यांच्याकडे नव्हता. तो गावातल्या बायकांच्या हाती देता येतो, हे डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत दाखवलं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. निरक्षर सुईणीही मोजू लागल्या, औषध देऊ लागल्या. 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: शेजारच्या गावांच्या मानाने मुलांचे न्यूमोनियाचे मृत्यू 54 टक्के कमी. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावच्या बायकांवर असाच भरवसा टाकला होता.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातल्या जोड्या कोयता घेऊन उसाला जातात. कोपीत थंडी असते, चुलीचा धूर असतो, मांडीवर तान्हं असतं. त्या आयांना माझं सांगणं: चूल बाहेर मांडा, बाळ उराशी धरा, दूध पाजत राहा. बाळ शांत असताना पूर्ण मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त भरले, अंग 100.4 अंशांवर गेलं, गार पडलं किंवा त्याने दूध सोडलं, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.