शब्दवेध : आंतरछेदिता

‘छिद्’ म्हणजे कापणे या संस्कृत धातूपासून आलेला ‘छेद’ भूमितीमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या त्याच कल्पनेवर ‘आंतरछेदिता’ ही संज्ञा उभी असून, वर्ण, लिंग, जात, वर्ग अशा अनेक विषमता एकाच माणसावर येऊन आदळल्या की जो वेगळाच अन्याय घडतो, त्याचा ती निर्देश करते. अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये मूळ इंग्रजी संज्ञा मांडली आणि चौरस्त्यावर कोणत्याही दिशेने बसू शकणाऱ्या धडकेचा दाखला दिला.

पर्यावरणीय न्याय, म्हणजे प्रदूषणाच्या भाराची आणि निसर्गाच्या लाभाची रास्त वाटणी, या विचाराला ही संज्ञा अत्यावश्यक ठरते. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील वॉरन काउंटीत विषारी माती पुरण्याची जागा लादली गेली, तेव्हा तिथली वस्ती बहुसंख्येने कृष्णवर्णीय होती आणि गरीबही होती. यांपैकी एकच कारण धरले तर तो अन्याय अर्धाच कळतो.

महाराष्ट्रातही पुण्याच्या कचरावेचकांत दलित स्त्रिया बहुसंख्य आहेत, आणि १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने त्यांना संघटित केले, ही या विषयातील फार मोलाची घटना होय. शहर स्वच्छ राखणाऱ्या या स्त्रियांना इतरांचे वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी वेगळे करावे लागत; ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, ही साधी मागणी नागरिकांपुढे ठेवली गेली.