बादलीतला समुद्र

आपल्यातल्या कितीतरी जणींनी समुद्र पाहिलेला नाही. तरी त्याच्याशी आपलं देणंघेणं आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी आणि लाल मिलोची भाकरी खाल्ली, असं आपल्या आज्या-सासवा सांगतात. त्या वर्षी पाऊस रुसण्यामागचं एक कारण दूर प्रशांत महासागरात होतं. तिथलं वरचं पाणी नेहमीपेक्षा तापलं होतं. याला एल निनो म्हणतात. १८७७ साली देशात पाऊस हटला तेव्हा आणि २०१५ सालीही तो आलेला होता. पुढच्या एप्रिलात लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं.

पण १८७७ सालचा समुद्र किती तापला, हे आज कसं कळतं? तेव्हाचे खलाशी दोरानं बादली सोडत, समुद्राचं पाणी वर ओढत, त्यात तापमापक बुडवून आकडा वहीत लिहीत. १८५३ साली ब्रुसेल्सला अनेक देशांनी बसून या नोंदी एकाच पद्धतीनं ठेवायचं ठरवलं होतं.

यात एक घोळ होता. कापडी बादलीतलं पाणी वर येईपर्यंत गार व्हायचं, आपल्या माठातलं होतं तसं. पुढं जहाजाचं इंजिन गार करायला आत घेतलेलं पाणी मोजू लागले, तर तो आकडा थोडा जास्त यायचा. शास्त्रज्ञांनी कोणती नोंद कशी घेतली ते तपासून हिशेब जुळवला. आता तरंगती यंत्रं आणि उपग्रह मोजमाप करतात.

तो हिशेब सांगतो, की १८५० ते १९०० या काळापेक्षा २०११ ते २०२० या दहा वर्षांत जगातल्या समुद्राचं वरचं पाणी सरासरी सुमारे ०.९ अंशानं जास्त तापलेलं होतं. एल निनो येतो आणि ओसरतो. ही वाढ ओसरलेली नाही. कोळसा आणि तेल जाळून निघालेल्या वायूंनी अडवलेली बहुतेक उष्णता समुद्रानंच पोटात घेतली आहे.

एल निनो आला म्हणजे दुष्काळ पडलाच, असंही नाही. १९९७ साली तो जोरात होता, तरी देशात पाऊस सरासरीएवढा झाला. म्हणून नुसत्या आवईवर पेरणी मोडायची नाही. आपल्या शिवाराची नोंद आपल्याजवळ हवी.

आम्ही गटात बचतीच्या वहीशेजारी पावसाची वही ठेवायचं ठरवलंय. पाऊस रोज एकाच वेळी, एकाच जागी मोजायचा. आणि मापाचं भांडं बदललं, तर तेही त्या तारखेला लिहून ठेवायचं. बादलीच्या गोष्टीतून आम्ही एवढं शिकलो.