मोठ्या छायाचित्राचा कॅमेरा

वलगाव हे अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, पेढी नदीच्या काठचे गाव. 20 डिसेंबर 1956 रोजी या वलगावजवळ पेढीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांची तसबीर नाही अशी शाळा या भागात क्वचितच सापडेल. पण त्या तसबिरीजवळ जाऊन पाहा. पुष्कळ ठिकाणी चेहरा धुक्यातल्यासारखा दिसतो, सुरकुत्या कोठे आणि दाढी कोठे ते उमगत नाही. मूळ छायाचित्र लहान, त्याची प्रत, त्या प्रतीची पुन्हा प्रत, आणि ती ताणून चार फुटांची केलेली. मोठे केल्याने चित्रात नवे काही येत नाही. जे आहे तेच पातळ होते.

मग आज गावातली म्हातारी माणसे, पडायला आलेली वेस, जुने देऊळ यांची भिंतभर छायाचित्रे करून ठेवायची तर कोणता कॅमेरा घ्यावा? "मोठा फोटो पाहिजे तं मोठा कॅमेराच लागंल ना सर?" असे एका गुरुजींनी मला विचारले. दीडशे वर्षांपूर्वी त्यांना "होय" एवढेच उत्तर मिळाले असते.

त्या काळी छायाचित्र मोठे करण्याची सोयीची रीतच नव्हती. काच जेवढी, तेवढे चित्र. बारा इंचांचे चित्र हवे तर बारा इंचांची काच, आणि ती मावेल असा लाकडी पेटीएवढा कॅमेरा. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्याच्या आत धुवायची. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. म्हणून छायाचित्रकाराबरोबर अंधारी राहुटी, बाटल्या आणि पाण्याच्या घागरी बैलगाडीतून चालत. वऱ्हाडातल्या वैशाखात ती काच किती भराभर वाळत असेल, हे मी तुम्हांला काय सांगावे! पुढे अंड्याच्या बलकाने नव्हे, पांढऱ्याने माखलेला कागद त्या काचेला चिकटवून उन्हात ठेवला की चित्र उमटे.

असे कष्ट आपल्या शेजारीच एकाने उपसले. मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल याला 1844 मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम मिळाले. त्याने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत त्या उतरविल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या टांगल्या होत्या. 1866 च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि बहुतेक सर्व जळाल्या. पुढे 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. 1885 मध्ये लंडनलाच त्यांतल्याही पुष्कळ आगीत गेल्या. एका भिंतीची नकल दोनदा जळाली, आणि मूळ भिंतीचा रंग इकडे गळतच होता!

गिलने मात्र मधल्या काळात कॅमेरा हाती घेतला होता. 1864 मध्ये त्याच्या छायाचित्रांची पुस्तके जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह निघाली. आपल्या लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची त्याने घेतलेली छायाचित्रेही आहेत. छायाचित्राच्या अनेक प्रती निघतात. एक जळाली तरी दुसरी कोठेतरी उरते, ही सोय रंगविलेल्या कापडाला नव्हती.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. ब्रोमाइडचा कागद आणि विजेचा दिवा आला आणि लहान काचेवरून मोठे चित्र काढता येऊ लागले. 1925 मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. त्याची फिल्म 36 बाय 24 मिलिमीटरची. कॅमेरा खिशात मावू लागला, पण चित्र फार वाढविले की रवा दिसू लागे. 1975 मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअराने फिल्मशिवायचा कॅमेरा जुळविला. त्याच्या चित्रात ठिपके अवघे दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत.

आता दुकानदार मेगापिक्सेल, म्हणजे दहा लाख ठिपके, यांचाच आकडा सांगतो. गुरुजींनी हे गणित फळ्यावर मांडावे. 24 मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे 6000 आणि उभे 4000 ठिपके असतात. हातात धरून पाहायच्या चित्राला इंचाला 300 ठिपके धरतात. म्हणजे चित्र झाले 20 बाय 13 इंच. पण भिंतीवरचे चित्र आपण सहा-आठ फुटांवरून पाहतो. तेथे इंचाला 100 पुष्कळ झाले. त्याच कॅमेऱ्याचे चित्र आता पाच फूट रुंद आणि सव्वातीन फूट उंच निघेल. शाळेच्या सभागृहाला आणखी काय हवे? आणि हेही लक्षात घ्या: लांबी-रुंदी दुप्पट करायची तर ठिपके दुप्पट नव्हे, चौपट लागतात. 24 वरून 30 वर जाण्यासाठी पैसे मोजणे मला तरी उधळपट्टी वाटते.

आकड्याहून महत्त्वाचे असते ते ठिपके टिपणाऱ्या पट्टीचे क्षेत्रफळ. लायकाच्या फिल्मएवढी पट्टी 864 चौरस मिलिमीटरची. साध्या मोबाइलमधली 6 बाय 4.5 ची असेल तर 27 चौरस मिलिमीटरची, म्हणजे बत्तिसावा हिस्सा. पावसात परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? अंधाऱ्या गाभाऱ्यात हा फरक लगेच कळतो. म्हणून मोबाइलवर 100 मेगापिक्सेल लिहिलेले असले तरी भुलू नये. मोठ्या पट्टीचा जुना, वापरलेला कॅमेरा तेवढ्याच पैशांत मिळतो, तो मी पसंत करीन.

उरलेले पैसे चांगल्या भिंगावर आणि भक्कम तिपाईवर घालावेत. चित्र मोठे झाले की हाताचा कंपही मोठा होतो. बिनॉय बहल यांनी 1990 च्या दशकात अजिंठ्याची चित्रे टिपली, ती लेण्यांतल्या मंद प्रकाशातच, कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवून. तेथे हात कसा चालेल?

कॅमेरा घेण्यापूर्वी एक करून पाहा, बाप्पा. दुकानात त्याच कॅमेऱ्याने एखाद्या माणसाचे चित्र घ्या. पाच फुटी चित्रात चेहरा जेवढा येईल, तेवढ्याच मापाचा फक्त चेहऱ्याचा तुकडा अमरावतीत छापून आणा. शाळेच्या भिंतीला लावा आणि मुलांना सात-आठ फुटांवर उभे करून विचारा, पापण्या मोजता येतात का.