कौलाचा अर्थ कोणीं लावावा?
(नभोवाणीवरील भाषण)



कोंकणांत देवाला कौल लावण्याची रीत आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. मूर्तीला पाकळ्या चिकटवितात, गुरव गाऱ्हाणें घालतो, आणि मग सारे श्वास रोखून पाहत बसतात. उजवी पाकळी पडली तर काम करावें, डावी पडली तर करूं नये. या रीतीविषयीं कोणाचें मत कांहींहि असो, तिच्यांत एक शहाणपण आहे. पाकळी पडण्यापूर्वीं प्रश्न ठरलेला असतो, आणि उत्तराचा अर्थहि ठरलेला असतो.

निवडणुकीच्या निकालालाहि आपण मराठींत कौलच म्हणतों. पण राजकारणांत पुष्कळदां पाकळी आधीं पडते आणि तिच्या अर्थाचें भांडण मागाहून सुरू होतें. अमेरिकेंतील राजकीय पक्षांच्या प्राथमिक निवडणुकांचा इतिहास म्हणजे अशा भांडणांचाच इतिहास होय. त्यांतील तीन-चार प्रसंग आज आपल्यापुढें ठेवावयाचे आहेत.

आपल्याकडे पक्षाचा उमेदवार कोण, हें सामान्यतः पक्षाचे पुढारी किंवा त्यांची समिति ठरविते. अमेरिकेंतहि एके काळीं असेंच होतें. अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनांत निवडला जाई, आणि त्या अधिवेशनाचे प्रतिनिधि राज्याराज्यांतील पक्षधुरीण आपल्या मर्जीप्रमाणें पाठवीत. विसाव्या शतकाच्या आरंभीं या बंद खोलींतल्या व्यवहाराविरुद्ध चळवळ उठली. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांच्या प्रयत्नानें त्या राज्यांत प्राथमिक निवडणुकीचा कायदा झाला, व १९०४ सालीं जनतेनें मतदान करून त्यास संमति दिली. पक्षाचा उमेदवार पुढाऱ्यांनीं न निवडतां मतदारांनीं गुप्त मतदानानें निवडावा, हें या कायद्याचें तत्त्व. १९१२ पर्यंत सुमारें डझनभर राज्यांनीं अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठींहि हा मार्ग स्वीकारला. परंतु एक प्रश्न कोणींच सोडविला नव्हता. मतदारांचा हा निकाल पक्षाला आज्ञा समजावयाची कीं केवळ सल्ला?

हा प्रश्न त्याच वर्षीं ऐरणीवर आला. रिपब्लिकन पक्षाचे विल्यम टाफ्ट हे तेव्हां अध्यक्ष होते. त्यांना त्या पदावर आणणारे त्यांचे जुने स्नेही थिओडोर रूझवेल्ट आतां त्यांच्याच विरुद्ध उभे ठाकले. ला फॉलेट हे तिसरे उमेदवार. प्राथमिक निवडणुकांत रूझवेल्टना साडेअकरा लाखांहून अधिक मतें मिळालीं. टाफ्टना आठ लाखांच्या आंतबाहेर. टाफ्ट यांच्या स्वतःच्या ओहायो राज्यांतसुद्धां रूझवेल्टच जिंकले. जनतेनें आपला कौल दिला आहे, आतां अधिवेशनानें तो फक्त वाचून दाखवावयाचा, असें रूझवेल्टपक्षाचें म्हणणें होतें.

टाफ्टपक्षाचें उत्तरहि अगदींच पोकळ नव्हतें. डझनभर राज्यें म्हणजे सारा देश नव्हे. उरलेल्या राज्यांत जुन्या रीतीनें निवडलेले प्रतिनिधि तितकेच कायदेशीर होते. ज्या नियमांखालीं आजवर सर्व अध्यक्ष उमेदवार झाले, ते नियम खेळ चालू असतांना बदलावयाचे कसे? यावर रूझवेल्टपक्षानें दक्षिणेकडे बोट दाखविलें. दक्षिणेंतील राज्यांत रिपब्लिकन पक्षाला मतदार थोडे, पण अधिवेशनांत प्रतिनिधि पुष्कळ. आणि ते बहुतेक सरकारी नेमणुकांच्या जोरावर अध्यक्षाच्या मुठींत असत. हा आक्षेप खरा होता. मात्र १९०८ सालीं टाफ्टना उमेदवारी मिळवून देतांना रूझवेल्टनींहि हेंच यंत्र वापरलें होतें, ही गोष्ट त्यांचे विरोधक विसरले नव्हते.

जून महिन्यांत शिकागो येथें अधिवेशन भरलें. २५४ जागांविषयीं वाद होता. त्यांपैकीं २३५ टाफ्टना मिळाल्या व अवघ्या १९ रूझवेल्टना. रूझवेल्टपक्षाच्या पुष्कळशा तक्रारी दिखाऊ होत्या, पण कांहीं खऱ्याहि होत्या, असें इतिहासकार मानतात. टाफ्ट ५६१ मतांनीं उमेदवार ठरले; तीनशेंहून अधिक प्रतिनिधि मत देण्याचें नाकारून जागेवर बसून राहिले. रूझवेल्टनीं नवा पक्ष काढला. नोव्हेंबरांत डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन यांना ४३५ निर्वाचकमतें मिळालीं, रूझवेल्टना ८८, आणि विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांना फक्त ८. अधिवेशनांत जिंकलेला देशांत तिसरा आला. ज्याच्या हातीं ससा तो पारधी, हा न्याय अधिवेशनापुरता चालला; पुढें रानांत ससाच उरला नाहीं.

पण जनतेच्या कौलाचा जयघोष करणाऱ्यांची जनता तरी कोण होती? ऑगस्टमध्यें रूझवेल्टच्या नव्या पक्षाचें अधिवेशन भरलें, तेव्हां दक्षिणेंतून आलेल्या कृष्णवर्णी प्रतिनिधींना त्यांत प्रवेश नाकारण्यांत आला. डेमोक्रॅटिक पक्षाची गोष्ट तर याहून वाईट होती. दक्षिणेंत त्या पक्षाचें एकछत्री राज्य असल्यामुळें प्राथमिक निवडणूक जिंकली कीं खरी निवडणूक जिंकल्यासारखेंच होतें, आणि त्या प्राथमिक निवडणुकींत अनेक राज्यांत फक्त गोऱ्यांना मत होतें. पक्ष ही खाजगी संस्था आहे, आपले सभासद कोण हें तिचें तिनें ठरवावें, असा बचाव केला जाई. आणि १९३५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तो मान्य केला. पुढें टेक्सासमधील लॉनी स्मिथ या कृष्णवर्णी दंतवैद्यानें मतपत्रिका नाकारली गेल्यामुळें दावा लावला. त्यांच्या वकिलांत थर्गूड मार्शल होते, जे स्वतः नंतर त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ति झाले. १९४४ सालीं न्यायालयानें आपला पूर्वींचा निर्णय फिरविला. प्राथमिक निवडणूक हा राज्यकारभाराच्या यंत्राचाच भाग आहे आणि तेथें वर्णावरून कोणाला वगळतां येणार नाहीं, असें ठरलें. निकालाचा अर्थ काय, या प्रश्नाच्या आधीं मत द्यावयास कोणाला येऊं दिलें, हा प्रश्न विचारावा लागतो, हें या खटल्यानें शिकविलें.

आतां १९६८ सालाकडे येऊं. व्हिएटनामच्या युद्धांत अमेरिकेचे पांच लाखांच्या आसपास सैनिक गुंतले होते. डेमोक्रॅटिक पक्षाचे लिंडन जॉन्सन अध्यक्ष होते. त्यांच्याच पक्षाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी युद्धाला विरोध करीत न्यू हॅम्पशायर या लहानशा राज्यांत उभे राहिले. दाढ्या उतरवून, केस कापून, नीटनेटके कपडे घालून विद्यार्थी त्यांच्यासाठीं घरोघर हिंडले. १२ मार्चला मतदान झालें. जॉन्सनना शेंकडा सुमारें ४९ मतें मिळालीं व मॅकार्थींना सुमारें ४२. जॉन्सन यांचें नांव मतपत्रिकेवर छापलेलेंहि नव्हतें. मतदारांनीं तें हातानें लिहून त्यांना पहिलें आणलें होतें. साध्या अंकगणितानें जॉन्सन जिंकले. तरी दुसऱ्या दिवशीं साऱ्या देशांत मॅकार्थींचा विजय झाल्याचा डंका वाजला, कारण त्यांना इतकीं मतें मिळतील अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. चार दिवसांनीं रॉबर्ट केनेडी मैदानांत उतरले, आणि ३१ मार्चला जॉन्सन यांनीं पुन्हां उमेदवारी घेणार नसल्याचें जाहीर केलें.

हा युद्धाविरुद्धचा कौल, असें तेव्हां सर्वत्र मानलें गेलें. पुढें मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनीं मतदारांच्या मुलाखतींचा अभ्यास केला, तेव्हां निराळेंच चित्र दिसलें. मॅकार्थींना मत देणारांपैकीं युद्धाच्या धोरणावर नाराज असलेले लोक पुष्कळ होते खरे. पण त्यांत युद्ध थांबवा म्हणणारांपेक्षां युद्ध अधिक जोरानें लढा म्हणणारांचीच संख्या अधिक, जवळजवळ तिनास दोन या प्रमाणांत, होती! म्हणजे घरोघर हिंडलेल्या त्या विद्यार्थ्यांनीं मिळविलेल्या मतांपैकीं कित्येक मतें त्यांच्या हेतूच्या नेमक्या उलट हेतूनें पडलीं होतीं. मतपत्रिकेवर नांवासमोर खूण करतां येते. कारण लिहावयास तेथें जागा नसते. ती रिकामी जागा मग पुढारी भरतात, वृत्तपत्रें भरतात, आणि प्रत्येक जण आपल्याच शाईनें भरतो.

त्या वर्षाचा शेवट दुःखद झाला. जूनमध्यें केनेडींची हत्या झाली. ऑगस्टमध्यें शिकागोच्या रस्त्यांवर पोलीस व निदर्शक यांच्यांत रक्त सांडत असतां, आंत अधिवेशनानें उपाध्यक्ष ह्यूबर्ट हंफ्री यांना उमेदवारी दिली. प्राथमिक निवडणुका ज्यांनीं लढविल्याच नव्हत्या, तेच उमेदवार झाले. नोव्हेंबरांत ते हरले. इतका मोठा भेग पडलेला पक्ष सांधण्यासाठीं डेमोक्रॅटिक पक्षानें समिति नेमून प्रतिनिधि निवडण्याचे नियमच बदलले, आणि राज्याराज्यांत प्राथमिक निवडणुका वाढल्या. सहा दशकांपूर्वींच्या प्रश्नाचें उत्तर अखेर मिळालें: कौल ही आज्ञाच.

पण वाद संपला काय? १९७२ सालीं न्यू हॅम्पशायरमध्यें एडमंड मस्की यांना शेंकडा ४६ मतें मिळालीं व जॉर्ज मॅकगव्हर्न यांना ३७. मस्की शेजारच्या मेन राज्याचे. त्यांना निम्म्याहून अधिक मतें मिळावयास हवीं होतीं, असें ठरवून लोकांनीं जिंकलेल्या मस्कींनाच हरलेले मानलें. उमेदवारी मॅकगव्हर्नना मिळाली, आणि नोव्हेंबरांत पन्नासांपैकीं एकोणपन्नास राज्यांत त्यांचा पराभव झाला. पक्षाचे उत्साही मतदार म्हणजे देश नव्हे, पुढाऱ्यांच्या अनुभवालाहि स्थान हवें, असें जुन्या मंडळींनीं म्हटलें. १९८२ सालीं नियम पुन्हां बदलून पुढाऱ्यांसाठीं अधिवेशनांत राखीव जागा ठेवल्या. २०१८ सालीं त्यांचा अधिकार कमी करून, चुरशीच्या लढतींत पहिल्या फेरींत त्यांनीं मत देऊं नये असें ठरविलें. २०२४ सालीं तर जो बायडेन यांनीं जवळजवळ सर्व प्राथमिक निवडणुका जिंकूनहि जुलैमध्यें माघार घेतली आणि प्रतिनिधींनीं कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. मतदारांचा कौल बाजूला सारला, असें एक बाजू म्हणाली. अशा आणीबाणीच्या वेळेसाठींच तर प्रतिनिधि असतात, असें दुसरी म्हणाली. शब्द नवे होते, भांडण १९१२ चेंच होतें.

या साऱ्या इतिहासांतून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्राथमिक निवडणुकीचा आंकडा दोनच गोष्टी खात्रीनें सांगतो: मत द्यावयास कोण आले, आणि समोर असलेल्यांपैकीं त्यांनीं कोणाला पसंत केलें. कां पसंत केलें, आणि जे घरीं राहिले किंवा ज्यांना दारांतूनच परत पाठविलें त्यांच्या मनांत काय होतें, हें आंकडा सांगत नाहीं. तरीहि तो क्षुल्लक मानून पुढें जाणाऱ्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली, हें १९१२ व १९६८ या दोन्ही वर्षांनीं दाखविलें. म्हणून निकालाच्या दिवशीं एखादा पुढारी छाती फुगवून जनतेनें अमुकच सांगितलें असें म्हणूं लागला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा. महाराज, पाकळी पडण्यापूर्वीं आपण गाऱ्हाणें काय घातलें होतें? हा प्रश्न आधीं ठरविणारा पक्ष निवडणूक हरला तरी फुटत नाहीं. न ठरविणारा जिंकूनहि फुटतो.