रंगूनहून चालत आलेली माणसं

मागच्या थंडीत आम्ही गटाच्या बायका गाडी ठरवून कोकणात गेलो होतो. गणपतीपुळे झालं, पावस झालं, आणि परतताना रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा इथं नजरकैदेत होता, एवढं कळलं. गाडीत बसल्यावर आमच्यातल्या एकीनं विचारलं, "अगं, पण हा ब्रह्मदेश आहे तरी कुठं? आणि तिथून इथं माणूस येतो कसा?" कुणालाच धड सांगता येईना. मग आम्ही पुस्तकं चाळली, गावातल्या मास्तरांना विचारलं, नकाशा भिंतीला लावला. एका राजाची गोष्ट शोधायला गेलो आणि चार लाख माणसांची गोष्ट हाती लागली. आज तीच सांगतो.

आधी राजाचं. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं. राजा थिबा आणि राणी सुपयालत यांना राजवाड्यातून बाहेर काढलं, साध्या बैलगाडीत बसवलं आणि नदीकाठी आणून आगबोटीवर चढवलं. इरावती नदीतून रंगून, तिथून समुद्रानं मद्रास, आणि १८८६ मध्ये रत्नागिरी. तिथंच १९१६ साली राजा वारला. आपले लोकमान्य टिळक उलट्या दिशेनं गेले. १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. 'गीतारहस्य' त्यांनी तिथंच लिहिलं. इकडचा नेता तिकडं आणि तिकडचा राजा इकडं, असा इंग्रजांचा हिशेब होता.

आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. आपल्या देशाच्या पूर्वेला आसाम, मणिपूर, नागालँड, मिझोराम. त्यापलीकडं डोंगरांच्या रांगा, दाट जंगल, आणि मग ब्रह्मदेश, ज्याला आज म्यानमार म्हणतात. मधोमध उत्तरेकडून दक्षिणेकडं वाहणारी इरावती. तिला पश्चिमेकडून येऊन मिळणारी चिंदविन. रस्ते कमी, म्हणून या नद्याच तिथले हमरस्ते. इरावतीवर एका स्कॉटिश कंपनीच्या सहाशेच्या वर लहानमोठ्या बोटी चालायच्या, आणि त्यांवरचे खलाशी बहुतेक चितगावकडचे.

इंग्रजांनी हा देश जिंकून हिंदुस्थानला जोडला होता. १९३७ च्या १ एप्रिलला तो वेगळा केला. पण तोवर दहा लाखांवर हिंदी माणसं तिथं राहत होती. रंगून शहरात तर १९३१ च्या खानेसुमारीत निम्म्याहून जास्त वस्ती आपल्याच लोकांची निघाली. गोदीतले हमाल, भातगिरण्यांतले मजूर, रिक्षा ओढणारे, धोबी, झाडूवाले, कारकून, पोलीस, व्यापारी. तेलुगू मुलखातून आणि ओरिसातून सगळ्यात जास्त मजूर गेले. कसे गेले ठाऊक आहे? मेस्त्री गावात यायचा, उचल द्यायचा, बोटीचं भाडं भरायचा, आणि मग ती फिटेपर्यंत माणूस त्याचा बांधलेला. हे वाचताना आमच्यातल्या ज्या ऊसतोडीला जाऊन आल्या आहेत त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मुकादम, उचल, कोयता! समुद्रापलीकडं जाऊनही गोष्ट तीच. फरक एवढाच की तिकडं बहुतेक पुरुष एकटे जायचे आणि बायका गावाकडं मनीऑर्डरची वाट बघायच्या. पण कुटुंब घेऊन राहिलेलेही पुष्कळ होते, आणि काहींनी तिथल्याच बायकांशी लग्नं केली होती.

एक गोष्ट लपवायला नको. हिंदी माणूस तिथं फक्त मजूर नव्हता, सावकारही होता. तमिळ मुलखातले चेट्टियार सावकार ब्रह्मी शेतकऱ्याला भातासाठी कर्ज द्यायचे. १९३० साली जगभर मंदी आली, भाताचा भाव कोसळला, कर्जं थकली. जमिनी सावकारांकडं गेल्या. दक्षिण ब्रह्मदेशातल्या मोठ्या भातजिल्ह्यांत पाच-सात वर्षांत जवळजवळ पाव जमीन चेट्टियारांच्या नावावर झाली. ज्याची जमीन गेली त्याचा राग कुणावर निघणार? सावकार हाती लागत नाही, समोर दिसतो तो गोदीतला हमाल. १९३० मध्ये आणि पुन्हा १९३८ मध्ये रंगुनात दंगे झाले, त्यात गरीब हिंदी माणसं मारली गेली. गटात कर्जाचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

आणि मग युद्ध आलं. १९४१ च्या २३ डिसेंबरला जपानी विमानांनी रंगूनवर भरदिवसा बाँब टाकले. लोक रस्त्यावर उभे राहून विमानं बघत होते. हजाराहून जास्त माणसं त्या एका दिवसात गेली. नाताळच्या दिवशी पुन्हा बाँब. ज्याला जसं सुचलं तसा तो निघाला. ज्यांच्याजवळ पैसा आणि ओळख होती ते बोटीनं मद्रास-कलकत्त्याला गेले, थोडे विमानानं. बाकीचे पायी. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, आणि उत्तरेकडं प्रोम गावाची वाट, जवळजवळ तीनशे किलोमीटर.

इथं सरकारची पंचाईत झाली. हमाल गेले तर बोटींतला माल कोण उतरवणार? झाडूवाले गेले तर शहराची घाण कोण काढणार? एरवी ज्यांच्याकडं कुणी वळून बघत नव्हतं, ते गेल्यावर शहर ठप्प झालं. मग वाटेत अडवणूक सुरू झाली. परत चला, काम करा, संरक्षण देऊ. काही परतलेही. कामाला लागणारे धडधाकट पुरुष सोडायचे नाहीत असे हुकूम निघाले. तुम्हीच सांगा, नवऱ्याला अडवून ठेवलं तर बाईनं पोरं घेऊन एकटीनं डोंगर चढायचा का?

प्रोमला हजारो माणसं इरावतीच्या काठावर अडकली. तिथं पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झाला. नदीचं तेच पाणी प्यायचं, तिथंच सगळं. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळं, हे आज आपल्या आशाताई घरोघरी सांगतात. मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे देऊन हजारो जीव वाचवता येतात हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालं १९७१ साली, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत, डॉ. दिलीप महालनबीस यांच्या हातून. प्रोमच्या माणसांना त्याला अजून तीस वर्षं अवकाश होता.

प्रोमहून नदी ओलांडून पश्चिमेला आराकानचा डोंगर. पलीकडं तौंगुप, तिथून होडीनं अक्याब, मग बोटीनं चितगाव. डोंगरात पाण्याचा ठणठणाट. तरीही लाखभर माणसं याच वाटेनं आली. गाडीवाल्यांनी भाडी वाढवली, होडीवाल्यांनी वाढवली. अडलेल्याकडून जेवढं निघेल तेवढं.

८ मार्च १९४२ ला रंगून पडलं. मग लोंढा मंडालेकडं वळला. ३ एप्रिलला मंडालेवरही बाँब पडले, लाकडी घरांचं शहर जळालं. तिथून मोनीवा, मग चिंदविन नदीतून बोटीनं वर कलेवापर्यंत. बोटीत दाटीवाटीनं भरलेली माणसं. कलेवाला उतरलं की कबॉचं खोरं, हिवतापासाठी बदनाम. ते पार करून सीमेवरचं तामू. मग डोंगर चढून पालेल, इंफाळ, आणि शेवटी आगगाडी मिळे ते दिमापूर. याच वाटेनं मे महिन्यात इंग्रजांची हरलेली फौजही माघार घेत आली, आणि फौजेला रस्ता मोकळा हवा म्हणून माणसांना थोपवून धरलं गेलं.

आणि या वाटेवर रंग आडवा आला. गोऱ्यांसाठी वेगळी सोय, वेगळा रस्ता, बरी छावणी. काळ्यांना अवघड वाट. लोक त्यांना सरळ गोरा रस्ता आणि काळा रस्ता म्हणायला लागले. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये यावर कडक लिहिलं. दिल्लीच्या कायदेमंडळात प्रश्न विचारले गेले, आणि उत्तर देण्याची पाळी कुणावर? आपल्या यवतमाळच्या बापूजी अण्यांवर! लोकनायक माधव श्रीहरी अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात परदेशातल्या हिंदी लोकांचं खातं सांभाळत होते. टिळकांचा हा अनुयायी, आणि बसला सरकारच्या खुर्चीत. पुढं १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या उपवासाच्या वेळी त्यांनी ती खुर्ची सोडली. आम्हाला वाटतं, चालणाऱ्यांना त्या खुर्चीचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. यावर आमच्यात वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

सगळ्यात वाईट वाट उत्तरेची. मिचिना गावात विमानतळ होता, तिथून माणसं आसामला नेत होते. ६ मेला तिथंही बाँब पडले. विमानाच्या आशेवर बसलेली हजारो माणसं, त्यांत बायका-पोरं पुष्कळ, तशीच चालायला लागली. पुढं हुकांगचं खोरं, पांगसाऊची खिंड, आणि मग आसामातलं लेडो. चारशे किलोमीटरच्या वर. आणि पाऊस लागला. आपल्याकडं पाऊस लागला की आनंद होतो, तिकडच्या जंगलातला पाऊस म्हणजे गुडघाभर चिखल, अंगभर जळवा आणि भरून वाहणाऱ्या नद्या. ज्या ओढ्यातून कालचे लोक चालत गेले तो आज ओलांडताच येत नाही. माणसं काठावर बसून राहिली, उपाशी. शिंबवियांग गावात तर कित्येक जण पावसाळा संपेपर्यंत अडकले, विमानातून टाकलेल्या अन्नावर जगले.

मदतीला आले ते आसामच्या चहामळ्यांतले मजूर. छोटा नागपूरकडून मळ्यात आणलेले आदिवासी. त्यांनी चिखलात वाट पाडली, छावण्या उभारल्या, तांदूळ वाहिला. डोंगरातल्या नागा लोकांनी ओझी वाहिली. एका मळेवाल्या गोऱ्यानं हत्ती नेऊन पुरात अडकलेली माणसं डाफा नदीतून काढली. त्याचं नाव गाइल्स मॅकरेल. त्यानं चित्रफीतही काढली होती म्हणून त्याचं नाव राहिलं. चहामळ्यातल्या मजुरांपैकी एकाचंही नाव आम्हाला कुठं मिळालं नाही.

चालणाऱ्यांपैकी एक नाव मात्र तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. सिनेमातली हेलन! रंगूनला जन्मलेली ती तेव्हा तीन-चार वर्षांची होती. आईबरोबर आणि भावाबरोबर ती जंगलातून आसामात दिब्रुगडला पोचली. वाटेत गावोगावच्या लोकांनी दिलं ते खाल्लं. आई गरोदर होती, तिचं मूल वाटेतच गेलं. हे तिनं स्वतः पुढं मुलाखतीत सांगितलं आहे. आम्ही हे वाचलं त्या दिवशी गटाची बैठक लांबली. पडद्यावर तिला नाचताना बघून आपण काय काय बोलायचो, ते एकेकीला आठवलं.

किती आले? पायी आलेले सुमारे चार लाख. किती गेले? ह्यू टिंकर नावाच्या इतिहासकारानं १९७५ साली यावर लिहिलं, त्यानं दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत असा अंदाज दिला. इतर काही जण याहून जास्त सांगतात. दहा आणि पन्नास, यात चाळीस हजारांचा फरक आहे मैत्रिणींनो. आपल्या गटाच्या वहीत चाळीस रुपयांचा फरक आला तर आपण रात्र जागवतो. ही माणसं मोजायला कुणी वहीच धरली नव्हती. त्यात बायका किती, वाटेत बाळंत झालेल्या किती, याचा आकडा तर विचारूच नका.

युद्ध संपल्यावर बरेच जण परत ब्रह्मदेशात गेले. घर तिथं होतं, दुकान तिथं होतं. १९६४ च्या सुमारास तिथल्या लष्करी सरकारनं दुकानं-धंदे ताब्यात घेतले आणि लाखोंना पुन्हा निघावं लागलं, या वेळी बहुतेक बोटीनं. मद्रासला उतरलेल्या काही तमिळ कुटुंबांचं तिथं मन लागेना. ते आगगाडीनं, बसनं पार मणिपूरपर्यंत गेले, चालत ब्रह्मदेशात शिरायला. सीमेवर अडवलं. मग ते अलीकडच्या मोरे गावातच राहिले. मोरेच्या समोर पलीकडं तामू, १९४२ च्या वाटेवरचं तेच तामू. मोरेत आज मोठं तमिळ देऊळ आहे.

आणि रत्नागिरीचं सांगायचं राहिलं. राजाचं कुटुंब १९१९ साली परत ब्रह्मदेशात गेलं, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली, कारण तिचा माणूस इथला होता. तिची लेक, म्हणजे थिबा राजाची नात, रत्नागिरीतच वाढली, लग्न करून तिथंच राहिली, मराठीच बोलायची, आणि २००० साली वारली. आम्ही राजवाडा बघायला गेलो तेव्हा हे आम्हाला ठाऊक नव्हतं, नाहीतर तिचं घर कुठं होतं ते विचारलं असतं.

तुमच्या घरात, माहेरी, सासरी कुणी रंगूनला राहिलेलं असेल, कुणी फौजेतून ब्रह्मदेशात गेलेलं असेल, आजीनं काही सांगितलेलं असेल, तर रेडिओवर येऊन सांगा. लिहून देता आलं नाही तरी चालेल, आम्ही ऐकून उतरवून घेऊ.