कानातली शृंगारकथा आणि तिचा श्रोता

मोबाइलवर हिंदीत प्रौढांसाठीच्या ध्वनिकथा निघाल्या आहेत, त्यांच्याविषयी आज बोलू. पूर्वी 'मस्तराम' नावाची पुस्तकं फुटपाथवर मिळायची. लेखक कोण, हे कुणी विचारत नसे. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, कथा ऐकायची ॲप आली, आणि तोच मजकूर कानात शिरला. हे सगळं नवं आहे असं लोक म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही.

आपल्याकडची बैठकीची लावणी घ्या. यमुनाबाई वाईकर बसून गायच्या. एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायच्या आणि दर वेळी डोळ्यांनी, बोटांनी तिचा नवा अर्थ दाखवायच्या. म्हणजे प्रौढांसाठीचं कथनच की हो हे! पण तिथं श्रोता उघड्यावर असे. कोण कुठल्या अर्थाला हसला, हे साऱ्या बैठकीला दिसे. घरी गेल्यावर मात्र तो प्रतिष्ठित, आणि बदनामी सगळी गाणारीच्या वाट्याला.

मग सिनेमा आला. सुलोचना चव्हाण डोक्यावरचा पदर ढळू न देता लावणी गायच्या. आवाज देहापासून सुटला, म्हणून लावणी माजघरात ऐकता आली. आमच्या कोल्हापूरचे जगदीश खेबुडकर पेशानं शिक्षक. 1972 च्या 'पिंजरा'ची गाणी त्यांची. तमाशापायी मास्तर बुडतो, त्या सिनेमाची! पण त्यापायी मास्तरांना कुणी वाळीत टाकलं नाही. छापील शब्दाला मात्र कायदा लगेच गाठतो. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' 1962 च्या दिवाळी अंकात आली, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, 1969 मध्ये ते सुटले. अश्लीलता ठरवताना तेव्हा निदान समोर नावाचा माणूस होता.

2021 च्या नियमांत पॉडकास्टचाही उल्लेख आहे, वयाची वर्गवारी आहे. ते ठीकच. आमचा प्रश्न वेगळा आहे. इयरफोन लावलेल्या श्रोत्याला आता कुणी पाहत नाही. आणि जी बाई ती कथा वाचते, तिला बदनामी नको म्हणून ती नाव झाकते. नाव झाकलं की दादही पोचत नाही. यमुनाबाईंना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचं वय नव्वदीच्या पुढं होतं. उशिरा मिळाली, पण नावावर मिळाली. पुढच्या वेळी अशी कथा कानावर पडली, तर वाचणारीचं नाव कुठं दिलंय का, तेवढं बघा.