हैदराबादचं घर मृत्युपत्रानं मिळालं. नाव कुठे आणि कसं लावायचं?

देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर भागातल्या बऱ्याच कुटुंबांचं एखादं घर अजून हैदराबादला आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. शिक्षण, नोकरी, कोर्टकचेरी सगळं तिकडेच. काचीगुडा, सुलतान बाजारकडची मराठी घरं त्या काळातली. घर घेणारी पिढी आता जाते आहे, आणि मुलं मृत्युपत्र हातात घेऊन विचारतात, "फेरफार कुठल्या ऑफिसात होतो?"

तर शहरातल्या घराला सातबारा नसतो. तेलंगणात १४ एप्रिल २०२५ पासून धरणीच्या जागी भू भारती पोर्टल आलं, पण ते शेतजमिनीसाठी. घराचं नाव बदलतं ते हैदराबाद महापालिकेच्या (जीएचएमसी) घरपट्टी नोंदीत. प्रत्येक घराला तिथे पीटीआयएन नंबर असतो, तो पट्टीच्या पावतीवर मिळतो. खरेदीखत असलं की नोंदणीबरोबरच नाव बदलायची सोय आहे. मृत्युपत्राला ती नाही, वेगळा अर्ज द्यावा लागतो.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत, मूळ खरेदीखत, भरलेल्या पट्टीची पावती आणि प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. दाखला मृत्यू जिथे झाला तिथलाच मिळतो. वडील नांदेडला दवाखान्यात गेले असतील तर नांदेड महापालिकेचा. वारसांची नावं दाखवणारं फॅमिली मेंबर सर्टिफिकेट तिकडचे तहसीलदार देतात, अर्ज मीसेवा केंद्रात करता येतो. मृत्युपत्र मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत न्या. मूळ मृत्युपत्र मात्र कुणाच्या टेबलावर सोडून येऊ नका.

मृत्युपत्र नोंदवलेलंच हवं असं नाही. नोंदणी कायद्यात ते ऐच्छिक आहे, आणि करणारा वारल्यावरही ज्याला मिळकत मिळाली तो ते नोंदणीसाठी सादर करू शकतो. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतातच. वाद कोर्टात गेला तर त्यातला किमान एक साक्षीदार, हयात असेल तर, उभा करावा लागतो. म्हणून साक्षीदार म्हाताऱ्या काकांपेक्षा तरुण शेजारी बरा!

प्रोबेटची भीती उगाच घातली जाते. ती सक्ती मुंबई, मद्रास, कलकत्त्याकडची. हैदराबादेत केलेल्या आणि तिथल्याच घराच्या मृत्युपत्राला ती नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं वारसा कायद्यातलं ते कलम २१३ सुद्धा काढून टाकलं.

खरी अडचण जुन्या कागदांची. निजामाच्या काळातली खरेदीखतं उर्दूत, तारखा फसली सनात. आमच्या नात्यातलं एक प्रकरण नुसत्या तारखेवरून परत आलं होतं. फसली वर्षात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं. १३५० म्हणजे १९४० च्या आसपास. क्षेत्रफळ तिकडे गजात लिहितात, एक चौरस गज म्हणजे ९ चौरस फूट. वळणदार उर्दू वाचणारी माणसं कमी होत चालली, तेव्हा भाषांतर आत्ताच करून घ्या, मृत्युपत्र करायच्या आधीच.

घर कुणाचं होतं हेही त्या कागदातच कळतं. वडिलांच्या स्वकमाईचं असेल तर ते कुणालाही देऊ शकतात. वडिलोपार्जित असेल तर फक्त आपल्या हिश्श्यापुरतं. "सगळं घर धाकट्याला" असं लिहिलं म्हणून बहिणीचा हिस्सा संपत नाही.

आणि पट्टीला नाव लागलं म्हणजे मालकी पक्की झाली, असं समजू नका. जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२१ मध्ये हेच सांगितलं: फेरफार नोंद कर-वसुलीपुरती, तिनं हक्क मिळत नाही, मृत्युपत्रावर वाद असेल तर दिवाणी कोर्टातच जावं लागेल. त्यामुळे भावाबहिणींची लेखी संमती आधीच घेतलेली चांगली. पुढे घर विकायला काढलं की गिऱ्हाइकाचा वकील आणि बँक पट्टीच्या पावतीवर समाधान मानत नाहीत, बाकीचे वारस कुठे आहेत हे विचारतात.

लाईट आणि पाण्याच्या बिलावरचं नाव वेगळं बदलावं लागतं. ती कामं पट्टीला नाव लागल्यावर करा, कारण तिथे बहुधा तीच पावती पुरावा म्हणून दाखवता येते.